पुढच्या सीटची बाधा

वैशाली सोमकुवर एकदा पाया पडली असती, तर वामन महाराजांचं किती भलं झालं असतं, हे मांडून पाहण्यासारखं आहे. तोवर त्यांच्या पायांवर संत्र्याचे दलाल टेकले होते, ट्रॅक्टरवाले टेकले होते, एक निलंबित पटवारीही टेकला होता. पण फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेलं डोकं त्यात एकही नव्हतं. सौंसरच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई चारचौघांत वाकली, तर पुढे दहा वर्षं महाराजांना चमत्कार करायची गरज नव्हती. नुसतं तिचं नाव सांगितलं की भागलं असतं.

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी तिगावच्या रस्त्यावर त्यांच्या मठीपुढे उभं राहायला जागा नव्हती. मधोमध देवीदासची जुनी पांढरी व्हॅन हार घालून उभी होती, नवरदेवाच्या घोडीसारखी. महाराजांच्या हातात माईक होता. नाव वामन, पण वजन क्विंटलला पाच किलो कमी.

"गाडीले बी नस असते," ते सांगत होते. "नस दबली का गाडीचा जीव जाते. अन् नस कोन दाबते? जिच्या अंगात हाय, ते दाबते!"

गर्दीनं माना वळवून वैशालीकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत पदर खोचून शांत उभी होती. ही वाकायला आली आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं.

भानगड जूनमध्ये सुरू झाली. देवीदास रोज पांढुर्ण्याहून सौंसरला सवाऱ्या नेतो. नव्या सत्रापासून वैशाली त्या व्हॅननं जाऊ लागली आणि देवीदासनं तिला मानानं पुढची सीट दिली. आजवर तिथे श्रीधर बाबू बसायचे, तहसीलचे कारकून, अंगानं खराट्याच्या काडीसारखे. ते मागे गेले, पण मनातून गेले नाहीत. आठवडाभरातच गाडी वाटेत बंद पडू लागली. सगळे उतरून धक्का मारायचे आणि गाडी लगेच सुरू व्हायची. वैशाली बसली की चार खड्ड्यांनी पुन्हा बंद.

देवीदासनं प्लग बदलले, बॅटरी बदलली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मेकॅनिक सीट उचलायचा, तार काढून ठिणगी पाहायचा. ठिणगी निळी, झणझणीत. "मशीन ओके हाय गड्या," तो म्हणायचा, "दुसरं काही अशीन तर पाह्य."

दुसरं काही पाहायला श्रीधर बाबू देवीदासला मठीत घेऊन गेले. महाराजांनी व्हॅनच्या दाराला घोंगडी लावून घेतली. आत कुणी डोकवायचं नाही, भूत डोळ्यावाटे शिरतं म्हणे. दहा मिनिटं आत मंत्र चालले, अकराशे रुपये झाले आणि गाडी पंधरा दिवस सुरळीत पळाली. मग पुन्हा बंद, पुन्हा घोंगडी. तिसऱ्या खेपेला महाराजांनी विचारलं की पुढे कोण बसतं. देवीदासनं नाव सांगितलं. आडनावही सांगितलं. महाराजांना तेवढं पुरलं.

वैशालीला मागे बसवलं, श्रीधर बाबू पुढे आले आणि गाडी कधीच बंद पडली नाही. लोकांना याहून पुरावा कशाला हवा? मग सवाऱ्या म्हणू लागल्या की बाई गाडीतच नको. ती उभ्यानं बसमधून जाऊ लागली. बस प्रार्थनेनंतर पोचायची. हजेरीत लाल खुणा साचल्या. दोन पालकांनी आपल्या मुली तिच्या वर्गातून काढायला अर्ज दिले. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, आणि हीच अडचण होती. त्यांनी तिला समजावलं की एकदा लिंबू उतरवून घ्या, तुमचं काय जातं, विषय संपेल. नाहीतर अर्ज वर पाठवावे लागतील.

तिचं काय जाणार होतं, हे त्यांना कळलं असतं तर ते बोललेच नसते. सुखदेवरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर हातोडा चालवून तिला शिकवलं होतं. ज्या घरात कुणी कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही असं ठरलं होतं, त्या घराचं डोकं मागितलं जात होतं.

मागच्या रविवारी देवीदास हात जोडून मठीत बाधा उतरवायचं निमंत्रण द्यायला आला. वैशाली म्हणाली, "येते. पण आधी गाडी तासभर माझ्या अंगणात लाव."

एक गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. गाडी आचके देऊ लागली की ती घाबरून वरची मूठ धरायची, सीटवरून जरा उचलली जायची, आणि तेवढ्यापुरतं इंजिन सावरायचं. भुताला वजन कळतं?

तिनं पुढच्या सीटवर गव्हाचं पन्नास किलोचं एक पोतं ठेवलं आणि गाडी सुरू करायला लावली. इंजिन चाललं. वर दुसरं ठेवलं. इंजिन गेलं. उतरवलं, आलं.

देवीदासनं दोन्ही पोती चाचपून पाहिली. "म्हंजे मॅडम, गव्हाले बी बाधा?"

सुखदेवरावांनी सीट उचलली. खालचं पत्र्याचं झाकण गंजून खोलगट झालं होतं. त्याच्या बरोबर खाली प्लगला ठिणगी पोचवणारी कॉईलची जाड तार, आणि तारेच्या रबराला एक बारीक चीर. मेकॅनिक सीट उचलून तपासायचा, म्हणजे दुखणं काढून ठेवूनच रोगी तपासायचा. त्या चिरेभोवती काळ्या चिकटपट्टीची चिंधी लोंबत होती, उष्णतेनं वितळलेली, पत्र्यानं कापलेली. पट्टीच्या थरांमध्ये अंगारा होता.

वैशालीनं ती चिंधी बोटांवर घेतली. महाराज भोळे असते, चुकले असते, तर तिनं एक चहा पाजून त्यांना तार दाखवली असती. पण ज्याला चीर सापडली, त्यानं चीर बुजवली आणि बोट तिच्याकडे दाखवलं होतं. तिनं देवीदासला शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि श्रीधर बाबूंना निरोप धाडला की मी पाया पडायला येते, चार लोकांना सांगा. बाबूंनी चारशेंना सांगितलं.

आता ती पुढे झाली. घोंगडी लागायच्या आधी तिनं माईक मागून घेतला. म्हणाली, बाधा निघायच्या आधी ती आहे हे तर लोकांना दिसू द्या. देवीदासनं गाडी सुरू केली, ती बसली, इंजिन आचके देऊन गेलं. गर्दीतून सुस्कारा उठला. महाराजांचा चेहरा फुलला.

"आता महाराज बसतील," वैशाली म्हणाली. "त्यांच्या पुण्याईपुढे भूत टिकत नाही, हेही दिसू द्या."

महाराज म्हणाले, आम्ही आसन सोडत नसतो. पण भक्तांना ते पटेना, त्यांना महाराज गाडीत बसलेले पाहायचे होते. देवीदासनं तर त्यांचे पायच धरले. "एक डाव बसाच जी. तीनदा अकराशे देल्ले म्या."

महाराज चढले. वरची मूठ दोन्ही हातांनी धरून सीटवर असे अधांतरी राहिले, की जणू खाली निखारे होते. इंजिन चालत राहिलं. मांड्या थरथरत होत्या.

"नीट टेका ना महाराज," वैशाली म्हणाली. "कायले त्रास घेऊन राहिले?"

मागून एका म्हातारीनं मायेनं म्हटलं, "टेक ना बाप्पा, पाय दुखतीन."

महाराज टेकले. इंजिन गेलं.

कुणी हसलं नाही आधी. वैशालीनं त्यांना उतरवलं, इंजिन चाललं. बसवलं, बंद. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतला एक जण हसला, मग रांगा पुढे सरकल्या. तिनं सीट उचलली, महाराजांचीच घोंगडी अंधारासाठी वर धरायला लावली आणि लाकडी काठीनं पत्रा खाली दाबला. टक, टक, टक. तारेतून पत्र्यावर निळी ठिणगी उडू लागली आणि इंजिन गुदमरलं.

"हे भूत," ती म्हणाली. "प्लगकडे जायची ठिणगी वजन पडलं की पत्र्यात पळते. माझं वजन चौऱ्याऐंशी, बाबूंचं पन्नास. महाराजांना हे ठाऊक आहे, ते आत चिकटपट्टी लावतात. नसेल ठाऊक, तर त्यांनी आत्ता या नसेला हात लावून मंत्र म्हणावा."

"लावा महाराज," लोक म्हणू लागले. प्रेमानं म्हणणारे अजून होते त्यात.

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि तारेकडे नेलं. तारेपासून वीतभर अंतरावर महाराजांनी हात हिसडला.

"मारतं का? करंट हाय तो! हजारो व्होल्टचा!"

माईक चालू होता. भोंग्यानं ते वाक्य तिगावपर्यंत पोचवलं.

मग सगळं निघालं. नागपूरच्या गॅरेजमधली आठ वर्षं, झोळीतली काळी पट्टीची चार बंडलं. महाराजांनी हात जोडले. म्हणाले, ताई, पोटासाठी केलं, माफ करा. ताईनं माफ केलं नाही. तिनं त्यांच्याच माईकवर त्यांच्याकडून वदवून घेतलं, की या बाईला काही नाही, मला माहीत होतं, तरी मी तिचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा. मग देवीदासला घेऊन ठाण्यात गेली.

जाण्याआधी लोकांना एवढंच म्हणाली, "यंत्र बंद पडलं तर यंत्र उघडा. त्यात बसलेल्या माणसाचं आडनाव विचारू नका. पोतं ठेवून पाहायला एम.एस्सी. लागत नाही. गहू सगळ्यांच्या घरी आहे."

आता कोणी किती भरलं, त्याचा हिशोब. महाराजांची मठी गेली, ठाण्यात तक्रार नोंदली गेली. देवीदासचे तेहतीसशे गेले, वर नव्या तारेचे दीडशे. श्रीधर बाबूंचं काहीच गेलं नाही, तसल्यांचं जात नसतं. प्राचार्यांनी अर्ज फाडले, पण लाल खुणा खोडता येत नाहीत म्हणाले. त्या एकोणीस होत्या, तीन खुणांना एक दिवस या हिशोबानं सहा दिवसांचा पगार कापला गेला होता, आणि वर्गातून गेलेल्या दोन मुलींपैकी एकच परत आली. विश्वास ठेवणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे थोडंथोडं भरलं. सगळ्यात मोठी रक्कम भरली ती जिचा कधी विश्वासच नव्हता तिनं.