किटलीला झालेला कॅन्सर

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या गावात, चर्चच्या तळघरात बसला आहात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कॉफीचा वास. भरदुपारी पडदे ओढलेत, दिवे मालवलेत. समोर वेन्डेल नावाचे पाहुणे जांभळी बत्ती घेऊन उभे.

त्यांनी एका वाडग्यातलं ओलं फडकं दूधवाल्या ऑर्विलच्या हातावर फिरवलं आणि बत्ती धरली. हात निळा चमकला.

"हे माझे सोन्याचे सूक्ष्मकण. कॅन्सरच्या पेशी हुडकून काढतात आणि तिथे चमकतात. आता डोरिसताई पाहा. माझं सुवर्णजल महिनाभर प्यायल्या." त्यांनी दुसऱ्या वाडग्यातलं फडकं डोरिसआजींच्या हातावर फिरवलं. काहीच चमकलं नाही. "यांचा कॅन्सर गेला."

आमच्या गावात पाहुण्याला तोंडावर खोटं म्हणत नाहीत. फारच झालं तर "वेगळंच आहे बुवा" म्हणतात. तेवढं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजींच्या छातीत गाठ होती. "सकाळीच इस्पितळाला कळवलं," त्या नातीला, लिवला म्हणाल्या, "मंगळवारी गाठ तपासायची सुई टोचून घ्यायला येत नाही म्हणून."

लिव दहा वर्षांची. तिने खिशातून तशीच बत्ती काढली. आजोबा गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना आमिष चमकवायला वापरतात ती.

"काका, मी करून बघू?" तिने पहिलं फडकं उचललं आणि कॉफीच्या किटलीवर फिरवलं. किटली निळीशार झाली.

"किटलीलाही झालाय का हो?"

"पोरी, हे नाजूक शास्त्र आहे," वेन्डेल म्हणाले.

"मग तुमच्या बाह्या?" बत्ती तिकडे वळली. पांढऱ्या बाह्या किटलीहून लख्ख चमकत होत्या.

ऑर्विलने फडकं हुंगलं. "हा तर आमच्या घरचा कपडे धुवायचा साबण," तो म्हणाला. फडकं वाडग्यात टाकून पुढे म्हणाला, "वेगळंच आहे बुवा."

त्या साबणात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. जांभळ्या उजेडात ते चमकतं. दुसऱ्या वाडग्यात नुसतं पाणी होतं.

खरे सूक्ष्मकणही असतात बरं का. शास्त्रज्ञ त्यांना असा रेणू जोडतात, की तो कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखून तिथेच चिकटावा. विशिष्ट माशासाठी विशिष्ट आमिष, तसं. पण ते सुईने शरीरात सोडावे लागतात, यंत्राने पाहावे लागतात, आणि किती वेळा चुकले तेही सांगावं लागतं. कातडीवर फडकं फिरवून आतलं काही दिसत नाही. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग किटलीवरही करून पाहा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आजी खाली मान घालून बसल्या होत्या. "आता कुठल्या तोंडाने फोन करू गं? माझी मंगळवारची वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली असेल."

"मग पुढची मागू," लिव म्हणाली. तिने भिंतीवरचा फोन उचलला, इस्पितळाचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर तारेसकट ओढत आणून आजीच्या कानाला लावला.