तिसऱ्या खणातली कपाशी

मी एक जुनं सागवानी कपाट आहे, मित्रांनो. बुलढाण्यातल्या एका कॉलेजात, सरकारी अनुदानातून माझ्या फळ्या जोडल्या गेल्या. माझ्या पोटात झाडं आहेत. वाळलेली, कागदावर टाचलेली, खाली नावगाव लिहिलेली. हिरवं असेतो झाड वाऱ्याचं. वाळल्यावर ते माझं.

काय दिवस होते! श्रावणात मुलं रोहिणखेडच्या बांधावरून, डोणगावच्या रानातून ओली झाडं आणत. ती वर्तमानपत्रात दाबायची आणि कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. कुणी विसरलं की शिपाई फकीर मोहम्मद चाचा म्हणत, "घरी सदरा आठ दिस बदलू नको बे, पन झाडाचा कागद रोज बदल." सारी खोली हसायची. चाचा महिन्याच्या महिन्याला माझ्या खणांत डांबरगोळ्या ठेवत आणि लेकरू निजवावं तसं हलक्या हातानं दार लावत.

मग शिवारात बीटी कपाशी आली. घरचं बियाणं राखणं सुटलं. इथली देशी कपाशी माझ्या तिसऱ्या खणात तेवढी उरली. पुढं बोंडअळीनं बीटीलाही सोडलं नाही. तेव्हा शेतकरी निवृत्तीभाऊंच्या लेकीनं, इथंच शिकणाऱ्या काजलनं ठरवलं, एम.एस्सी.ला त्या जुन्या कपाशीचाच अभ्यास करायचा.

पण चाचा रिटायर झाले, मागोमाग वनस्पतिशास्त्र शिकवणारे सरही. दोघांच्या जागा भरल्याच नाहीत. शासनाकडे पैसा नाही, असं पत्र आलं. शिकवायला कुणी नाही म्हणून एम.एस्सी. बंद पडलं. त्याच वर्षी गावाबाहेर एका कंपनीला जमीन मिळाली, विजेत सूट मिळाली, वर कामावर घेतलेल्या माणसागणिक पैसेही.

काजल माझ्या दाराला टेकून उभी होती. निवृत्तीभाऊ हळूच म्हणाले, "सरकार कंपनीले माणसामागं पैसे देते, अन् कॉलेजले एक मास्तर देत नाही. आपल्या हाती काय हाय माय? जाय त्या कंपनीत नोकरीले."

ती गेली. तीन वर्षांनी कंपनीची सवलत संपली, तशी काजलची नोकरीही संपली. ती थेट माझ्याकडं आली. तिसरा खण ओढला, तर पानांचा नुसता भुगा. किडीला अडवणारं इतकी वर्षं कुणी नव्हतंच. भुगा ओंजळीत घेऊन ती म्हणाली, "आता शिकू कशावर?"

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवं कुलूप नको. माझ्यापाशी एक माणूस नेमा. कायमचा, पगारी. चौथ्या खणाला अजून कीड लागलेली नाही.