गाठ शोधणारा हलवा

गुढीपाडव्याला नणंदेची, कडूबाईची पाठ चोळताना तानुबाईच्या हाताला गाठ लागली. छातीवर, काखेच्या बाजूला, लिंबाएवढी. ती ओल्या हातांनीच धावत नवऱ्याकडे आली.

रंगनाथ गुरुजी तसेच न्हाणीच्या दाराशी आले. "आक्का, हे कधीपासून?"

कडूबाई केस पुसत शांतपणे म्हणाली, "संक्रांतीला हरभऱ्याएवढी व्हती."

"तीन महिने! अन् बोलली का न्हाईस?"

"तूच म्हन्लास की, औषध यायलंय."

गुरुजींना ओसरीवरची शिकवणी आठवली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पेपर विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी भरला होता. आतल्या पानावर स्तनाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाचा लेख होता. गुरुजींनी तो ओसरीवरच्या पोरांना हलव्याचा दाणा दाखवून शिकवला होता. "आत तीळ, म्हणजे औषध. वर साखर, म्हणजे वाटेत औषध सांडू नये म्हणून वेष्टन. अन् हे काटे फक्त गाठीलाच अडकतात. असे हजारो दाणे सुईच्या टोकावर मावतात!" पोरं हलवा चोखत खूश झाली होती. दाराआड आक्का तूर निवडत होती. लेखातली शेवटची ओळ गुरुजींनी सांगितलीच नव्हती. पोरांचा हिरमोड होईल म्हणून.

कडूबाईनं बटव्यातून त्याच हलव्याचा पिवळा पडलेला एक दाणा काढला. "डाक्तरला दाखवाया ठिवलाय. असलंच दे म्हणायचं. कापाकापी नगं."

"आक्का, ते औषध अजून उंदरांवर बघायलेत. माणसाला कधी मिळंल, कुणाला ठाऊक."

"उंदरं बरी झाली?"

"काही झाली."

"हे लेकरायला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग मला कसं कळावं, रंगू?"

तानुबाई पदर तोंडात धरून रडू लागली.

"आजच परभणीला जाऊ," गुरुजी कसेबसे म्हणाले. "ऑपरेशन करावंच लागंल."

"अन् उशीर झाला असंल तर?"

चाळीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेले गुरुजी खुंटीवरची पिशवी काढू लागले.

कडूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग हातातला दाणा तोंडात टाकून कडकन फोडला.

"चल, यष्टी जाईल. अन् माघारी आलो की लेकरायला उंदराचं सांग."