नमुन्याचं झाड

करवतवाला आला तेव्हा आजी सफरचंदाच्या जुन्या झाडाखाली स्टूल टाकून, खोडाला पाठ लावून बसली होती.

बागेतली झाडं किती कार्बन साठवतात, याचा अंदाज नात काढत होती. त्यासाठी एक झाड कापून, वाळवून त्याचं वजन करायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकं हेच निघालं. सासूबाईंनी याचं कलम बांधलं, तेव्हा दोरा धरायला आजीच होती, नवी नवरी.

"आजी, ऊठ ना. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसंच आहे हे."

"शीत शिजलेलं असतं गं. माझं झाड अजून फळतंय."

"नुसता घेर मोजून काढलेला अंदाज चुकेल."

"चुकू दे. माझं लग्न टिकणार नाही, असा अंदाज सगळ्या गावानं केला होता. तोही चुकलाच."

करवतवाल्यानं हसू दाबलं. "आजीबाई, मी चहा पिऊन येतो."

"या. मी इथंच आहे."

नातीनं सुस्कारा सोडला. "मग अहवालात काय लिहू?"

"लिही, म्हातारी उठली नाही." आजीनं पाठ खोडाला आणखी घट्ट टेकवली. "आणि टेप आण. घेर मोजायचा असेल तर एक टोक मी धरते."