फाटकावरचा हात

मंगळवारी अकरा वाजता नव्या लाइनवर मोठ्या इंजिनाची चाचणी आहे, ते ताशी शंभरच्या वेगानं जाईल, रुळावर कुणी येऊ नये, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं त्या दिवशी तोतारामला धास्तीनं धरलं. ती काही केल्या सुटेना. बोरखेडं मात्र खुशीत होतं. पाच वर्षांनी गाडी दिसणार म्हणून लोक एकमेकांना आठवण करून देत होते. तोताराम दारोदार जाऊन सांगत होता की बाबांनो, ही गाडी ती गाडी नव्हे. लोक त्याला चहा पाजत आणि विषय बदलत.

लोकांचं तरी काय चुकलं? जुन्या छोट्या लाइनवर अकरा फाटकं होती आणि फाटकावर माणूस एकही नव्हता. फाटकवाला गाडीतूनच फिरायचा, आणि सव्वीस वर्षं तो फाटकवाला म्हणजे तोताराम. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. तोताराम उडी मारून उतरायचा, फाटक लावायचा, हिरवं निशाण दाखवायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची. मग हा फाटक उघडून धावत जाऊन डब्याला लटकायचा. असं जाताना अकरा वेळा आणि येताना अकरा वेळा. त्या गाडीनं कुणाला चिरडायचं म्हटलं असतं तर आधी त्या माणसाला रुळावर झोपवून वाट बघावी लागली असती.

आणि तोताराम पडला मऊ. फाटक लावता लावता एखादी बाई डोक्यावर भारा घेऊन आली की हा इंजिनाकडे तोंड करून उजवा हात वर धरायचा. हात वर आहे तोवर ड्रायव्हर हलायचा नाही. बाई जायची, तिच्यामागून बैलगाडी जायची, बैलगाडीमागून लग्नाचं वऱ्हाडही जायचं. सात नंबरचं फाटक तर त्याच्याच गावाचं. तिथं एकदा त्याच्या बहिणीची शेळी रुळातच व्यायली, तेव्हा त्यानं अकरा मिनिटं हात खाली घेतला नव्हता. पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट तो छाती फुगवून सांगायचा. आता तीच आठवली की त्याला घाम फुटायचा. रुळाशी आल्यावर गाडीकडे बघायचं नाही, तोतारामकडे बघायचं, हे सगळ्या गावाला त्यानंच शिकवलं होतं.

ती गाडी एकदम मेली नाही. आधी चाराच्या दोन फेऱ्या झाल्या. मग डबे कमी झाले, मग खिडक्यांच्या झडपा गेल्या त्या परत बसल्या नाहीत. तोताराम निवृत्त झाला त्या वर्षी एकच फेरी उरली होती आणि तीही इंजिनाच्या मर्जीवर. त्यानंतरच्या मार्चमध्ये साथीमुळे देशात सगळंच बंद झालं तेव्हा गाडीही थोड्या दिवसांसाठी म्हणून थांबली, ती थांबलीच. गावानं रुळांवर मिरच्या वाळवल्या. पुढं ट्रक आले, रूळ उचलून नेले, फाटकांचे खांब उपटले आणि तिथं उंच भराव घालून रुंद लाइन टाकली. फाटकाऐवजी खालून बोगदा दिला. बोगद्यात पाटाचं पाणी झिरपून बारा महिने मांडीइतकं साचतं, म्हणून गावानं कुंपणाला भोक पाडलं आणि बरोबर सात नंबरच्या जागी पुन्हा पायवाट केली. तिथून दिवसातून दोनदा यशोदाबाई जायची.

यशोदाबाई ही तोतारामची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा होता. तिनंच त्याला कडेवर वाढवला, पुढं विधवा होऊन त्याच्याच घरी आली. पंचाहत्तरीला आली तरी दोन शेळ्या घेऊन रोज सकाळी रुळापलीकडच्या पडीक रानात जायची आणि दुपारी परतायची. तोतारामनं आठवडाभर तिच्यापुढं डोकं फोडलं. ही गाडी थांबत नाही, अक्का, तिचा ड्रायव्हर मला ओळखत नाही, ब्रेक मारला तरी ती अर्धा कोस जाते. अक्का वाती वळत ऐकून घ्यायची.

"आपली गाडी शे ती," ती म्हणाली. "माणूस देखीसन थांबस. तू शे ना तठे?"

त्याची बायको कोकिळा म्हणाली, मंगळवारी शेळ्या घरीच बांधू. पण अक्काच्या शेळ्या बांधणं आणि अक्काला बांधणं एकच होतं. शेवटी ठरलं असं की अक्कानं पहाटेच पलीकडे जायचं आणि तोताराम स्वतः न्यायला येईपर्यंत रुळाजवळ फिरकायचं नाही. तिनं शेळीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मंगळवारी नऊपासूनच तो भरावावर उभा होता. खिशात जुनं लाल निशाण होतं, ते तो उगाच चाचपत होता. अकराला कुंपणाशी निम्मं गाव जमलं. बारा वाजले, गाडीचा पत्ता नाही. कुणी म्हणालं, छोट्या गाडीचीच बहीण ही, वेळेवर कशी येईल? पाऊणला लोक हसत जेवायला निघून गेले. तोताराम एकटा राहिला. आता येत नाही, असं त्यालाही वाटायला लागलं, आणि तसं वाटतंय म्हणून तो आणखीच घाबरला.

एक वाजून गेल्यावर पलीकडे अक्का दिसली. पिवळं लुगडं, हातात काठी, मागं दोन शेळ्या. तिला भूक लागली असणार. तो ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात वळणापलीकडे भोंगा वाजला. जमीन तळव्यांखाली थरथरली आणि वळणावर इंजिनाचं तोंड निघालं.

अक्का थांबली होती. रुळापासून दोन पावलांवर, शहाण्यासारखी. तिनं इंजिनाकडे पाहिलंच नाही. ती तोतारामकडे बघत होती.

आणि तोतारामनं, ज्यानं आठवडाभर गावाला ही गाडी थांबत नाही हीच एक गोष्ट सांगितली होती त्यानं, रुळाच्या काठाशी जाऊन इंजिनाकडे तोंड केलं आणि उजवा हात वर धरला. विचार करून नाही धरला. हात आपला आपण गेला, आणि त्या एका क्षणात त्याची सगळी भीती पळाली. गाडी थांबणार, याची त्याला खात्री वाटली.

डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी हललं. अक्का चालायला लागली होती.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. रूळ ओलांडून त्यानं तिला दोन्ही हातांनी मागं लोटलं आणि तिच्यावरच पडला एवढं कळलं. खडी गालात घुसली. भोंगा डोक्यावरून गेला, मग वारा, मग लोखंडाचा असा आवाज की शेळ्यांचं ओरडणंही ऐकू येईना. संपलं तेव्हा तो तोंड खडीत खुपसून रडत होता. अक्का जिवंत होती. मनगट सुजलं होतं, कोपर सोलपटलं होतं. तिची एक चप्पल दोन रुळांच्या मधोमध सरळ पडली होती, कुणी दारात काढून ठेवावी तशी.

बऱ्याच वेळानं ती उठून बसली. गाडी गेली त्या दिशेला बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला घाबरलेली बघत होता.

"तुन्हा हात वर व्हता ना रे?" तिनं विचारलं.

"व्हता, अक्का."

"तरी थांबनी नही."

तो चप्पल आणायला उठला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. चप्पल आणून त्यानं तिच्या पायात घातली, शेळ्या गोळा केल्या आणि तिला धरायला हात पुढं केला. चालायला शिकवताना तिनं त्याचा धरला होता तोच हा हात. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग काठी टेकून आपली आपण उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आतेपासून मी गाडीकडे देखसू. तुन्हाकडे नही."

आठवडाभर तो तिच्याकडे हेच तर मागत होता. ती रुळाच्या काठाशी थांबली, मान वळवून दोन्हीकडे नीट बघितलं आणि शेळ्या घेऊन रूळ ओलांडून गावाच्या बाजूला गेली. तोताराम तिच्यामागं निघाला, उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून.