बाकावरचा लाल ठिपका

मी एक जुनी खिडकी आहे, तीही साधीसुधी नाही, चांगली गोल! एका छोट्या गावाच्या रेल्वे स्टेशनात, प्रतीक्षालयाच्या दगडी भिंतीत, पार छताला टेकून बसले आहे. बसले कसली, अडकले आहे!

मला घडवताना कारागिराकडची लाल काच संपत आली होती. म्हणून त्याने मधोमध एकच लाल तुकडा लावला, बाकी सगळ्या काचा साध्या. पण त्या एका तुकड्याने काय मान मिळवून दिला, मित्रांनो! ऊन आलं की लाल ठिपका बाकावर उतरायचा. तो तिसऱ्या फळीवर पोहोचला की लोक सामान उचलायचे, दुपारची गाडी आलीच! हिवाळ्यात थोडं मागेपुढे व्हायचं, पण तेवढं तर गाडीचंही व्हायचं.

झाडलोट करणाऱ्या मावशी नव्या होत्या, तेव्हा त्यांना वाटलं रंग सांडलाय. ओलं फडकं घेऊन खसाखसा घासत बसल्या. हमाल हसून हसून बेजार. "घासा मावशी, संध्याकाळपर्यंत जाईल!"

मग स्टेशन 'नवं' झालं. माझ्या खाली पांढऱ्या चौकोनांचं फॉल्स सीलिंग आलं. वर कोरीव लाकडी छत, खाली हे, आणि मधल्या अंधारात मी! ठिपका रोज त्या चौकोनांच्या पाठीवर धुळीतून सरकायचा. बघायला कुणी नाही. ओरडावंसं वाटायचं, पण काच ओरडणार कशी?

परवा खालून तपासणीच्या साहेबांचा आवाज आला. "जपण्यासारखं काहीच नाही इथे. पाडायला हरकत नाही, असं लिहितो."

पाडायला? म्हणजे माझ्यासकट!

"पाच मिनिटं थांबा की साहेब," मावशी म्हणाल्या. "दुपारची गाडी येऊ द्या."

"अहो, मला कुठे गाडीने जायचंय? जीप उभी आहे."

"मग बसा तरी. जरा इकडे सरका. हां, तिथेच!"

झाडूचा दांडा खालून आपटला. एकदा, दोनदा. एक चौकोन उचकटून बाजूला सरकला, आणि कित्येक वर्षांनी मला बाक दिसला. बाकावर धुळीने माखलेले साहेब, मांडीवर त्यांचा कागद, कागदावर माझा ठिपका!

साहेबांनी तो बोटाने पुसला. मग रुमालाने.

"घासा साहेब," मावशी म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत जाईल."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. बराच वेळ खाली घेतलीच नाही. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारलं, "शिडी आहे का हो?"

मित्रांनो, शिडी अजून आलेली नाही. एका चौकोनाएवढा उजेड सोडला, तर मी अंधारातच आहे. पण तुम्ही जुन्या स्टेशनात गाडीची वाट बघत असाल ना, तर एकदा मान वर करा. वर कुणीतरी तुमची वाट बघत असेल.