नळाला पाणी सोडणारी चावी

मी एक जुनी चावी आहे मित्रांनो, पण कुलपाची नाही. मी कमरेइतकी उंच, लोखंडी आणि चांगली जड आहे. रस्त्याखालच्या पाइपांना व्हॉल्व्ह असतात, ते माझ्याने उघडतात. तुमच्या नळाला पाणी येतं, त्याआधी कुणीतरी मला फिरवलेलं असतं.

लकडगंजमधल्या एका लोहाराने मला घडवलं. पाणी विभागाने मला विकत घेऊन चंद्रभानच्या हाती दिलं. तो काटोलहून नोकरीसाठी नागपुरात आला होता. "आता ठेक्यावर आहो, पण दोन वर्षांत पक्का होतो," असं त्याने बायकोला, मनकर्णाला, सांगितलं होतं. त्याला एकवीस वर्षं झाली. तो अजून ठेक्यावरच आहे.

पहाटे पाचला तो मला सायकलला बांधतो. कोणत्या गल्लीला किती फेरे द्यायचे, हे त्याला पाठ आहे. मे महिन्यात मी इतकी तापते, की तो हाताला दुपट्टा गुंडाळून मला धरतो. एका उन्हाळ्यात मोठी लाइन फुटली, तेव्हा आम्ही दोघं दिवसभर चिखलात होतो. संध्याकाळी पाणी आलं आणि वस्तीतल्या बायकांनी मला हळदकुंकू लावलं. त्याला हार घातला. तो लाजून गेला होता.

मग पगारवाढ थांबली. विभागाकडे पैसे नाहीत, असं सांगितलं गेलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. मनकर्णा एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. आणि या मार्चमध्ये नोटीस लागली: मोटारीवर चालणारे व्हॉल्व्ह बसवणार, बारा माणसांचा ठेका महिनाअखेर संपणार. चंद्रभानचं नाव त्यात होतं. त्याचा जुना सोबती चंपतराव याचंही होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंपतराव आमच्यामागे आला.

"दोन दिवस पाणी सोडू नको गा," तो म्हणाला. "लोक बोंबलले म्हणजे साहेब ऐकन."

चंद्रभानने मला व्हॉल्व्हवर बसवलं आणि तसाच उभा राहिला. त्याचे हात मला जाणवत होते. मला वाटलं, आज मी फिरणार नाही.

"साहेबाच्या घरी टँकर येते," तो शेवटी म्हणाला. "तहान लागन ते या रुखमाबाईले."

त्याने मला फिरवलं.

रुखमाबाईचं घर व्हॉल्व्हसमोरच होतं. चढावर असल्याने तिला पाणी कमी येई, आणि ती चंद्रभानशी रोज भांडत असे. त्या दिवशी ती भांडली नाही. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"हे काय होऊन राहिलं गा?" तिने विचारलं. चंद्रभानने नोटिशीचं सांगितलं.

दुपारी बारा जण विभागाच्या फाटकाशी बसले. मी चंद्रभानच्या मांडीवर आडवी होते. थोड्या वेळाने रुखमाबाई वीस-पंचवीस बायका घेऊन आली आणि थेट इंजिनिअर हर्षा मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिली. आम्ही दारातून पाहत होतो.

"मोटार बसवा, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण माझ्याकडे पाणी नाही आलं तर मी कोणाले बोलू? हा माणूस एकवीस वर्षं माझं बोलणं ऐकून राहिला. तुमची मोटार ऐकन का?"

मॅडमनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "लिहून द्या. मी वर पाठवते."

बायकांनी अर्जावर सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. महिना संपायला दोन दिवस असताना आदेश आला. बाराही जणांना एक वर्ष मुदतवाढ मिळाली. पगार जुनाच.

घरी चंद्रभानने मला दाराशी टेकवलं.

"वर्षभर तरी आहे वं," तो म्हणाला.

"आणि मंग?" मनकर्णाने विचारलं.

तो हात धुऊन पाटावर बसला. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतःही जेवायला बसली.

मित्रांनो, मला गंज चढू नये म्हणून विभाग दरवर्षी ग्रीस घेतो. ग्रीस महागलं, की कागदावर नवा दर लगेच मंजूर होतो, कुणाला फाटकाशी बसावं लागत नाही. माझी एवढी काळजी घेतात, याचं मला बरं वाटतं. तेवढी काळजी मला फिरवणाऱ्या हातांचीही घ्या. माझं तोंड झिजलं तर लोहार नवं जोडून देईल. चंद्रभानच्या तळहाताला मात्र एकवीस वर्षांचे घट्टे आहेत, आणि उद्या पहाटे पाचला त्याला पुन्हा निघायचं आहे.